बाबा आंघोळ स्वतः करायचे का, हे डॉक्टर एक्स-रेच्या आधी का विचारतात

तुम्ही जे विचारलंय ते थोडक्यात असं. सासरे ८१ वर्षांचे, न्यूमोनिया म्हणून ॲडमिट केलं, कॅज्युअल्टीत एका तरुण डॉक्टरने एक्स-रे यायच्या आधीच विचारलं की बाबा घरी आंघोळ स्वतः करायचे का, संडासला एकटे जायचे का, भरवावं लागायचं का, आणि ते सगळं लिहून घेतल्यावर 'हाय रिस्क' लिहिलेल्या कागदावर सही घेतली. तुम्हाला राग आला, कारण आजार छातीचा आणि चौकशी मोरीची. आणि मनात ही पण भीती की वय झालंय, हातपाय चालत नाहीत, मग ह्यांच्यासाठी आयसीयूचा बेड कशाला अडकवा, असा हिशोब तर चालू नाहीये ना.

राग समजू शकतो, पण त्या पोराने बरोबर विचारलं. मी पंचवीसेक वर्षं म्हातारी माणसं तपासतोय आणि कोणी म्हणालं की पेशंटला हात न लावता एकच प्रश्न विचार, तर मी हाच विचारेन की पंधरा दिवसांपूर्वी, हा ताप यायच्या आधी, ह्यांचा दिवस कसा जायचा. वय विचारणार नाही, शुगर विचारणार नाही. ८८ वर्षांचे आजोबा सकाळी दूध आणायला जाऊन येणारे आणि ७० वर्षांचे काका गेले सहा महिने पलंगावरून उठायला दोन माणसं लागणारे, दोघांना सारखाच न्यूमोनिया झाला तर मला काळजी काकांची जास्त वाटेल.

कारण सांगतो. रात्री तीनला उठून संडासला जाऊन येणं हे एकच काम घ्या. लघवी लागली की जाग यायला हवी, दार कुठल्या बाजूला ते आठवायला हवं, अंथरुणावरून उभं राहताना बीपी पडता कामा नये, मांड्यांत अख्खं शरीर उचलायची ताकद हवी, अंधुक उजेडात उंबरठा दिसायला हवा, दहा पावलांत दम लागता कामा नये, पायजम्याची नाडी सोडता आणि परत बांधता यायला हवी, आणि भांडं आपल्याकडचं जुन्या पद्धतीचं असेल तर उकिडवं बसून परत उठायला गुडघे आणि तोल दोन्ही शाबूत हवेत. म्हणजे मेंदू, हृदय, फुप्फुसं, स्नायू, डोळे, नसा सगळ्यांची एकदम परीक्षा, रोज, आणि कुठल्या लॅबमध्ये न जाता. रक्ताचा रिपोर्ट एकेका अवयवाचं सांगतो आणि ते पण आत्ता ह्या क्षणाचं. अंगात एकंदर काय शिल्लक आहे ते ह्या फालतू वाटणाऱ्या कामांवरून कळतं. मोठा आजार आला की गाठीशी काही असेल तर माणूस निभावून नेतो, आणि रोजचा दिवसच कसाबसा ढकलत असेल तर साधं लघवीचं इन्फेक्शन पण पुरतं.

हे काही आमच्या पिढीने शोधलेलं नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडला सिडनी कॅट्झ नावाचे डॉक्टर होते, त्यांनी आणि त्यांच्या टीमने १९६३ साली सहा कामांची यादी छापली: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत येणं, लघवी-संडासवर ताबा आणि जेवणं. बरेचसे पेशंट खुब्याचं हाड मोडलेले म्हातारे. गंमत म्हणजे ही कामं जातात ती एका क्रमाने, आंघोळ सगळ्यात आधी आणि हाताने जेवणं सगळ्यात शेवटी, आणि बरं होताना परत येतात ती साधारण ज्या क्रमाने लहान मूल शिकतं त्या क्रमाने. म्हणून डॉक्टरने आधी आंघोळीचं विचारलं, पहिलं खिंडार तिथे पडतं. आणि म्हणूनच ज्याचं बाकी सगळं दुसरे करत होते पण घास स्वतःच्या हाताने जात होता, त्याने जेवायचं सोडलं असं कोणी सांगितलं की माझे कान टवकारतात. १९६५ मध्ये बार्थेल आणि महोनी ह्या दोघींनी मेरीलँडमधून दहा कामांना १०० पैकी मार्क द्यायची पद्धत काढली, ती आजही आमचे फिजिओ वापरतात. त्यात चालण्याला १५ आणि पलंगावरून खुर्चीत येण्याला १५, आंघोळीला फक्त ५. पलंगावरून खुर्चीत हे इतकं भारी का, ते ज्यांनी घरात असा पेशंट उचललाय त्यांना सांगायला नको.

आता मरणाशी संबंध. १९९० च्या दशकापर्यंत आमची सगळी गणितं शरीराच्या आकड्यांवर आणि रोगांच्या यादीवर चालायची. १९८५ चा अपाची-टू स्कोअर बघा, आयसीयूतला सगळ्यात गाजलेला, त्यात ताप, बीपी, ऑक्सिजन, सोडियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारा आकडा), वय, जुने मोठे आजार सगळं आहे, पण माणूस घरी चालत होता की नाही ही ओळच नाही. मग हळूहळू लोकांनी ती ओळ घालून बघितली. २००१ साली अमेरिकेत ७० च्या वरच्या पेशंटांवर एक मार्कांची पद्धत आली, दवाखान्यातून घरी गेल्यावर वर्षभरात कोण जाईल याचा अंदाज करायला. त्यातले मार्क बघण्यासारखे आहेत. हार्ट फेल्युअर असेल तर २, क्रिएटिनिन ३ च्या वर असेल तर २, एका जागचा कॅन्सर असेल तर ३, आणि डिस्चार्जच्या वेळी पाचही रोजच्या कामांत (वरच्या सहातलं लघवी-संडासवर ताबा सोडून) दुसऱ्यावर अवलंबून असेल तर ५. परत वाचा, कॅन्सरला ३ आणि परावलंबनाला ५. (पसरलेल्या कॅन्सरला मात्र ८ आहेत, ते वेगळं.) ६ पेक्षा जास्त मार्क झाले त्या गटातले साधारण दोन तृतीयांश लोक वर्षात गेले.

कोविडमध्ये पण हेच दिसलं. ब्रिटनमधली दहा आणि इटलीतलं एक अशा अकरा हॉस्पिटलांतल्या १५६४ पेशंटांचा २०२० चा अभ्यास आहे, त्यात कोण वाचेल हे निव्वळ वय किंवा बरोबरचे आजार यांच्यापेक्षा आधी माणूस किती खचलेला होता यावरून जास्त चांगलं कळलं. ते मोजायला त्यांनी कॅनडातल्या डॉ. केनेथ रॉकवूड यांची फ्रेल्टी स्केल वापरली, २००५ सालची, आता १ ते ९ अशी असते, १ म्हणजे एकदम टुणटुणीत आणि ८ म्हणजे सगळ्याच कामांना दुसऱ्यावर अवलंबून, शेवटाजवळ आलेला (९ वेगळं, खंगलेले नसले तरी दुसऱ्या आजाराने शेवट जवळ आलेल्यांसाठी). फ्रेल्टीला मराठीत नीट शब्द नाही, माझी आजी 'खंगलाय' म्हणायची, तो बऱ्यापैकी जवळ जातो. युरोपात ८० च्या वरच्या पाच हजार आयसीयू पेशंटांचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला, २१ देश, त्यातले ४३ टक्के ह्या अर्थाने खंगलेले होते, आणि तीस दिवसांत एकूण साधारण एक तृतीयांश गेले, त्यात खंगलेले जास्त.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो कारण ह्यात आमचे ज्युनिअर पण गोंधळतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत पेशंट जाईल का, हे माझ्या अनुभवात बीपी, ऑक्सिजन, श्वासाचा वेग, शुद्ध ह्यावरून जास्त कळतं. शॉकमध्ये, म्हणजे बीपी पार कोसळून, आलेला पैलवान पण जातो. पण ते दोन-तीन दिवस ओलांडले की पुढचा खेळ बराचसा आधीच्या हातापायांचा, आणि महिना-वर्ष असा लांबचा विचार केला तर तो फारच. म्हणून 'आधीची हालचाल' हा मॉनिटरच्या बदली वापरायचा आकडा नाहीये, त्याच्या शेजारी ठेवायचा आहे. तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही बघून हाय रिस्क लिहिलं असेल तर ते योग्यच आहे, नुसतं आंघोळीवरून लिहिलं असेल तर विचारायला हवं.

आता खरी मजा, म्हणजे खरी पंचाईत. हा सगळा डोलारा कशावर उभा आहे, तर नातेवाईक काय सांगतात त्यावर. आणि आपल्याकडे पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "सगळं स्वतःचं स्वतः करतात हो." मुलगा पुण्यात, वडील गावाकडे, मुलगा फोनवरच्या आवाजावरून सांगतोय. किंवा मुलगा घरातच आहे पण सकाळी आठला बाहेर पडतो तो रात्री येतो. मी असा एक पेशंट बघितलाय, मुलगा छातीठोकपणे सांगत होता एकदम फिट आहेत, मी लिहिलं पण तसं, आणि संध्याकाळी सूनबाई डबा घेऊन आल्या त्यांना सहज विचारलं तर म्हणाल्या की गेलं वर्षभर पाणी काढून देते, पाठ चोळते, स्टुलावरून हात धरून उठवते, धोतर सोडून पायजमा पण त्यासाठीच घेतला. मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याला माहीतच नव्हतं. तेव्हापासून माझा नियम आहे की घरातली जी व्यक्ती कपडे धुते तिला विचारायचं. ओले कपडे किती निघतात हे तिला माहीत असतं. तुमच्या घरी ती व्यक्ती बहुतेक तुम्हीच असाल, म्हणून सांगतो, नवऱ्याने काय सांगितलं ते एकदा तपासा.

दुसरं, 'करू शकतात' आणि 'करतात' ह्यात फरक आहे. म्हणून मी हो-नाही असं विचारतच नाही. मी म्हणतो, परवाचा दिवस सांगा सकाळपासून. किती वाजता उठले, कोणी उठवलं, दात कुठे घासले, चहा आणून दिला की ते स्वयंपाकघरापर्यंत आले, आंघोळीला बादली कोणी उचलली, देवळात जातात का, जायचे तर कधीपासून बंद झालं आणि का. 'कधीपासून बंद झालं' हा सोन्यासारखा प्रश्न आहे. दिवाळीत भावकीत फिरून आले होते आणि संक्रांतीपासून ओट्यावर पण येत नाहीत, हे ऐकलं की मला उतरण दिसते, आणि उतरणीवर असलेला माणूस सपाटीवर असलेल्यापेक्षा वेगळा, जरी आज दोघं एकाच ठिकाणी उभे असले तरी.

आणि परदेशी प्रश्नावल्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत. १९६९ ची एक यादी आहे लॉटन आणि ब्रॉडी यांची, फोन करणं, बाजार, स्वयंपाक, कपडे धुणं, पैशाचा व्यवहार, औषधं स्वतः घेणं वगैरे. आता आपल्या ऐंशीच्या आजोबांना विचारा स्वयंपाक करता का, त्यांनी आयुष्यात चहा केलेला नाही, मग ते परावलंबी धरायचे का? (त्या मूळ यादीत पण पुरुषांच्या मार्कांतून स्वयंपाक, कपडे धुणं नि घरकाम वगळायची पद्धत होती, म्हणजे हा घोटाळा फक्त आपलाच नाही.) आणि आजींनी कधी बँकेत पाय ठेवला नाही, त्यांचा व्यवहार शून्य धरायचा का? हरियाणात बल्लभगडला खेड्यातल्या न शिकलेल्या म्हाताऱ्या लोकांसाठी १९९० च्या दशकात वेगळी प्रश्नावली केली ती ह्याच अडचणीतून. मी आपला घरगुती उपाय करतो, आजोबांना विचारतो पेन्शन आणायला कोण जातं, आजींना विचारतो की भाजी निवडता का आणि मीठ किती टाकायचं ते अजून तुम्हीच सांगता का. आधी करत होत्या आणि आता सोडलं, तरच त्याला गळती म्हणायचं.

जमिनीवर बसून उठणं हे पण मी विचारतो, वर सांगितलेल्या इंग्लिश याद्यांत ते नसतं. पंगतीला बसायचे का, आता खुर्ची लागते का. नुसत्या गुडघ्यांमुळे खुर्ची लागत असेल तर मी फार मनावर घेत नाही, पण खुर्चीतून उठताना पण हाताचा रेटा लागतो म्हटलं की घेतो.

माझी एक चूक सांगतो, ती झाली नसती तर मी हे इतकं घासून लिहिलं नसतं. खूप वर्षांपूर्वी, मी नवा फिजिशियन, एका हॉस्पिटलला रात्रीच्या कॉलवर. ७९ च्या एक आजी आल्या, अर्धवट गुंगीत, अंथरुण ओलं, कूस पण वळत नव्हत्या, काही विचारलं तर नुसतं कण्हणं. मी बघितलं आणि मनात धरून टाकलं की ह्या अंथरुणाला खिळलेल्या आहेत. सोबत पुतण्या होता, त्याला धड काही माहीत नाही. मी त्याला समजावून सांगितलं की फार आशा नाही, इथेच सलाईन, अँटिबायोटिक देऊ, मोठ्या ठिकाणी हलवून हाल करण्यात अर्थ नाही. सकाळी शेजारची बाई आली आणि मला म्हणाली, डॉक्टर, ही परवा माझ्याबरोबर हरभरा सोलायला बसली होती, आणि चार दिवसांपूर्वी पाणी भरायला गेली होती. म्हणजे ज्याला मी कायमचं समजलो ते दोन दिवसांचं होतं. इन्फेक्शन होतं लघवीचं, सोडियम उतरलेलं, आणि त्यामुळे आलेला भ्रम. आजी सातव्या दिवशी चालत घरी गेल्या, माझ्या शहाणपणामुळे नाही, त्या सलाईन-अँटिबायोटिकने बऱ्या झाल्या. एखाद्या रात्री मी ते पण आखडतं घेतलं असतं तर?

म्हणून रॉकवूड स्केलमध्ये स्पष्ट सांगितलंय की आजारी पडायच्या आधीच्या साधारण दोन आठवड्यांची स्थिती धरायची, आज कॉटवर दिसतोय तो माणूस धरायचा नाही. कॉटवर पडल्यावर सगळेच खिळलेले दिसतात. पण आजच्या स्थितीला पण किंमत आहे बरं का, फक्त वेगळी. काल चालणारा माणूस आज उठेना, हे म्हाताऱ्या माणसात आजाराचं लक्षणच आहे, तापासारखं, कित्येकदा तापाच्या ऐवजी. तेव्हा दोन आकडे लिहायचे, आधीचा आणि आजचा. आधीचा चांगला आणि आज एकदम पडलेला असेल तर आजार मोठा आहे पण परत यायला जागा आहे. आधीचाच वाईट असेल तर थोड्या आजाराने पण पुढचं अवघड. आणि तिसरा आकडा तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा, इलाज चालू झाल्यावर हातपाय परत हलायला लागले का. तो माझ्या मते सगळ्यात बोलका, आणि तोच केसपेपरवर सगळ्यात कमी वेळा लिहिलेला सापडतो.

मोजायची साधनं पण आहेत, थोडक्यात सांगतो. हाताची पकड मोजतात, १७ देशांतल्या साधारण एक लाख चाळीस हजार लोकांच्या २०१५ च्या अभ्यासात, ज्यात भारत पण होता, पकड ५ किलोने कमी असली की मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त निघाला. आशियाई लोकांसाठी पुरुषांत २८ आणि बायकांत १८ किलोच्या खाली पकड कमी समजतात. चार मीटर चालायला किती सेकंद लागतात ते बघतात. हे ओपीडीत छान आहे, कॅज्युअल्टीत धाप लागलेल्या माणसाला कुठे चालवणार. तिथे मी नुसतं माझी दोन बोटं हातात देऊन 'दाबा बघू' म्हणतो आणि पिंढरी हाताने चाचपतो.

आता तुमच्या भीतीकडे येतो, हिशोब. भीती निराधार नाहीये. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या नाइस ह्या सरकारी संस्थेने कोविडसाठी सांगितलं की ॲडमिट होणाऱ्या मोठ्या माणसांना फ्रेल्टीचे मार्क द्या आणि आयसीयूचा निर्णय घेताना ते बघा. लगेच आरडाओरडा झाला, कारण सेरेब्रल पाल्सी किंवा मतिमंदत्व असलेला तरुण आयुष्यभर आंघोळीला मदत घेत असतो, त्याला ह्या मोजपट्टीवर भरपूर मार्क पडतात, पण तो मरणाच्या जवळ असतो म्हणून नाही. काही दिवसांत त्यांना दुरुस्ती करावी लागली की ही स्केल ६५ च्या खाली आणि अशा कायमच्या अपंगत्वाला लावू नका. पोलिओने एक पाय गेलेले माझे एक पेशंट आहेत सत्तरीतले, कुबडी घेऊन तालुक्याला जाऊन येतात, त्यांचे मार्क काढत बसलो तर मूर्खपणा होईल.

शिवाय मार्क गटाचे असतात. शंभरातले साठ जातील असं म्हटलं तर तुमचे सासरे साठातले की चाळिसातले हे मार्क सांगत नाहीत, कोणीच सांगत नाही. आणि एक कुत्सित गंमत अशी की 'हे जाणार' असं ठरवून कमी इलाज केला आणि ते गेले, तर आकडा खरा ठरल्यासारखा दिसतो. त्या आजींच्या बाबतीत मी तेच करायला निघालो होतो. त्यात आपल्याकडची अजून एक भानगड, हॉस्पिटलात किती मेले हा आकडाच इथे कच्चा. शेवट जवळ आला की आपली माणसं ॲम्ब्युलन्स करून पेशंटला घरी नेतात, स्वतःच्या घरात, तुळशीचं पान तोंडात घालून जाऊ दे म्हणून. केसपेपरवर लिहिलं जातं की नातेवाईकांच्या इच्छेने डिस्चार्ज. मग परदेशातली गणितं इथल्या रजिस्टरवर जुळवून बघायची कशी? मी माझ्या पेशंटांना महिन्याने फोन करायला लावतो, तोच काय तो हिशोब.

मग ह्या मार्कांचं करायचं काय? मी दोन गोष्टींसाठी वापरतो. एक म्हणजे घरच्यांशी बोलणं लवकर सुरू करायला. आधीच पार थकलेला माणूस असेल तर पहिल्याच दिवशी विचारतो की व्हेंटिलेटरची वेळ आली तर त्यांची स्वतःची इच्छा काय होती, कधी बोलले होते का. बहुतेक जण बोललेले असतात, "हातीपायी धड असतानाच ने रे देवा" हे आपल्या प्रत्येक घरात ऐकलेलं वाक्य आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आधीच लिहून ठेवलेली इच्छा मान्य केली आणि २०२३ मध्ये तिची किचकट पद्धत सोपी केली, पण कागद नसला तरी बोलणं तर होऊ शकतं. आणि अशी चर्चा म्हणजे इलाज बंद नव्हे, हे डॉक्टरांच्या तोंडून स्पष्ट वदवून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती तुमच्या हातात पण आहे. हातपाय आधीच कमकुवत असतील तर आत आल्यावर ते अजून जाऊ न देणं. कारण हॉस्पिटल स्वतःच माणसाला पाडतं. अमेरिकेतल्या २००३ च्या एका अभ्यासात सत्तरीपुढचे साधारण ३५ टक्के पेशंट आजारापूर्वीपेक्षा वाईट हालचाल घेऊन घरी गेले. दुसऱ्या एका ठिकाणी चालू शकणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटांच्या पायाला यंत्र लावून मोजलं तर ८३ टक्के वेळ ते नुसते पडून होते. आणि धडधाकट म्हाताऱ्या लोकांना मुद्दाम दहा दिवस झोपवून ठेवलं तर एकेकाच्या पायांतून जवळजवळ एक किलो मांस गेलं. दहा दिवसांत! ते लोक आजारी पण नव्हते.

आमच्या वॉर्डांत काय होतं ते मला माहीत आहे. मावशी एक, पेशंट तीस. मग डायपर लावला की सगळ्यांचीच सोय, लघवीची नळी घातली की अजून सोय, कॉटचे कठडे वर केले की पडायची भीती नाही, आणि नातेवाईक पण म्हणतात आराम करू द्या, आजारी आहेत. चार दिवसांनी नळी काढली तर लघवी कळत नाही, उभं केलं तर पाय थरथरतात, आणि मग घरी जाताना तो माणूस खरोखर वर सांगितलेल्या, पाचही कामांत परावलंबी अशा ५ मार्कांच्या गटात जाऊन बसलेला असतो. आला तेव्हा नव्हता.

तेव्हा उद्या सकाळच्या राउंडला थांबा आणि हे विचारा. नळी घातली असेल तर कशासाठी आणि आज काढता येईल का. ऑक्सिजन चालू असताना खुर्चीत बसवलं तर चालेल का, बहुतेकदा चालतं, नळी लांब असते. फिजिओ कधी येणार, आणि ते नसतील तेव्हा आम्ही कॉटच्या कडेला पाय सोडून बसवू का. झोपेची गोळी चालू आहे का, कारण त्याने रात्री भ्रम होतो आणि दिवसा ग्लानी. गिळताना ठसका लागतो का ते कोणी बघितलंय का, नसेल तर आधी ते, आणि तोवर झोपवून काही भरवू नका. जेवण वॉर्डचं जात नसेल तर घरचा मऊ भात-वरण, वर तूप, अंडं खात असतील तर अंडं, थोडं थोडं पण पाच वेळा, आणि शक्य तोवर त्यांच्याच हाताने, सांडलं तर सांडू दे.

आणि ॲडमिट करायच्या गडबडीत चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी घरी कोनाड्यात राहिली असणार, नेहमी राहते. आज संध्याकाळी डबा नेताना आठवणीने घेऊन जा. कवळी नाही म्हणून जेवत नाहीत आणि ऐकू येत नाही म्हणून उत्तर देत नाहीत, अशांना मी स्वतः 'प्रतिसाद कमी' असं केसपेपरवर लिहिलेलं आहे.